दोनदा पुसलेली धूळ

धुळोबांना धुळोबा हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही. संस्थेत आलेल्या प्रत्येक नव्या तुकडीला वाटायचं की ते आपणच शोधून काढलं. समोर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की धुळोबा. पाठीमागे काय म्हणतात ते धुळोबांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सबंध आयुष्य ज्या माणसानं धुळीचा हिशेब करण्यात घालवलं त्याला दुसरं काय म्हणणार?

आता हा माणूस गवंडी नव्हता की झाडूवाला नव्हता. आपल्या आसपासच्या दीर्घिकांमध्ये नवे तारे किती वेगानं जन्माला येतात ते मोजणं हा त्यांचा धंदा. ‘आसपासच्या’ हा शब्द ही खगोलशास्त्रज्ञ मंडळी फार सहज वापरतात. शेजारच्या गल्लीत राहत असावी तसं एखाद्या दीर्घिकेबद्दल बोलतात, आणि तिचा उजेड इथवर पोचायला लाखो वर्षं गेलेली असतात. काम ऐकायला भव्य, करायला कारकुनी. ताऱ्यांचा हा माणूस रात्री दहाला घोरायला लागायचा. दुर्बिणी कुठेतरी लांब डोंगरावर, त्या चालवणारी माणसं वेगळी. धुळोबा सकाळी डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येत, उन्हाची तिरीप संगणकावर पडू नये म्हणून पडदा ओढत, आणि डोंगरावरून चित्रभांडारात जमा झालेली चित्रं उघडून बसत.

तारे एकेक करून मोजायचे नसतात, तेवढं आयुष्य कुणाला आहे? नव्यानं जन्मलेल्यांत जे दांडगे असतात ते भोवतालच्या हायड्रोजनला तापवून एका ठरावीक लाल रंगात पेटवतात. हे दांडगे अल्पायुषी असतात, म्हणून जिथं तो लाल उजेड तिथं जन्म ताजा. तो उजेड मोजायचा, दीर्घिकेचं अंतर धरायचं, आणि सांगायचं की इथं वर्षाला इतक्या सूर्यांच्या वजनाचे तारे तयार होतात. एवढ्यावर भागलं असतं तर धुळोबांना पोटासाठी दुसरा उद्योग बघावा लागला असता. पण मधे धूळ असते. एक त्या दीर्घिकेतली, तिची तिची. दुसरी आपल्या घरची, आपल्या आकाशगंगेतली. तिच्यातूनच आपल्याला बाहेर बघावं लागतं, मळक्या काचेतून बघावं तसं. या धुळीनं किती उजेड खाल्ला ते काढायचं आणि तेवढा परत मिळवायचा. याला संस्थेत ‘धूळ पुसणं’ म्हणत, आणि पुसण्यात धुळोबांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांचे वडील बसच्या आगारात मेकॅनिक. मुलगा शाळेत पहिला कधी आला नाही, पण उत्तर चुकलं की पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचा आणि चूक सापडल्याशिवाय जेवायला उठायचा नाही. आई वैतागून ताट झाकून ठेवायची. त्या चिकाटीवर गडी शिकला, संस्थेत चिकटला आणि तिथंच केस पांढरे झाले. बरोबरीचे कुणी संचालक झाले, कुणी परदेशी गेले, धुळोबा दुसऱ्या मजल्यावरच राहिले. त्याचं वाईट वाटत नाही असं ते चारचौघांत सांगत. वाटायचं. वर्गमित्राच्या सत्काराला गेले की परतीच्या वाटेवर बायकोशी उगाचच भांडण उकरून काढायचे.

मग पन्नाशी उलटल्यावर त्यांना लेकुरवाळी भेटली. ही एक लहानशी दीर्घिका, आपल्या घरच्या धुळीच्या अगदी दाट पट्ट्याआड लपलेली, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नसे. धुळोबा गेले. त्यांनी धूळ पुसली, मोजलं, आणि वर्षाला चार सूर्य असा आकडा निघाला. एवढ्याशा दीर्घिकेला हा वेग म्हणजे कहर होता. शेजारपाजारच्या तेवढ्या आकाराच्या कुणालाच तो झेपत नव्हता. धुळोबांनीच तिला लेकुरवाळी म्हणायला सुरुवात केली आणि नाव सगळीकडे झालं. लोक त्यांना व्याख्यानांना बोलावू लागले, पाहुण्यांना संस्था दाखवताना संचालक मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले. धुळोबांनी नवे दोन सदरे शिवून घेतले. एका माणसाला आयुष्यात एवढं मिळालं तर त्यानं जरा ताठ चालायला काय हरकत आहे?

हरकत एवढीच, की ताठ चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. तर आता मुंगीचं सांगायला हवं.

मुंगी ही त्यांची विद्यार्थिनी. अंगानं लहानखुरी, सदा कामाला जुंपलेली, म्हणून धुळोबांनीच पहिल्या आठवड्यात तिचं मुंगी करून टाकलं आणि मग शिपायापासून संचालकापर्यंत ती सगळ्यांची मुंगी झाली. पोर हुशार होती, कष्टाळू होती, अधूनमधून धुळोबांच्या घरी जेवायला यायची आणि जेवण झाल्यावर नको म्हटलं तरी भांडी घासून जायची. तिला धुळोबांनी लेकुरवाळीच पुन्हा मोजायला दिली. शिष्यानं गुरूचा आकडा पक्का करावा, दुसरं काय. मुंगीनं मात्र गुरूचा प्रोग्राम उसना न घेता सगळं स्वतः लिहून काढलं, आणि तिचा आकडा आला एक पूर्णांक नऊ. निम्म्याहूनही कमी.

संस्थेच्या सभागृहात दर गुरुवारी बैठक भरे. चहा, बिस्किटं, एकानं आपलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी ते फाडायचं. फाडता फाडता हसवलं तर सोन्याहून पिवळं. मुंगीनं आपला आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सगळ्यांच्या माना धुळोबांकडे वळल्या. त्या वळलेल्या माना धुळोबांना झोंबल्या.

“सर,” मुंगी म्हणाली, “मला वाटतं चित्रभांडारातून जी चित्रं येतात, त्यांच्यात आपल्याकडची धूळ...”

“अगं बाई,” धुळोबांनी तिला तिथंच तोडलं, “काच पुसायची राहिली तुझी, आणि आम्हाला सांगतेस बाहेर दिवे कमी आहेत!”

खोली दणाणून हसली. संचालकांना ठसका लागला, चहा सदऱ्यावर सांडला. धुळोबांना फार वर्षांत इतकी दाद मिळाली नव्हती. मुंगीही हसली, सगळे हसताना न हसून कसं चालेल. आपलं वाक्य मात्र तिनं पुन्हा उचललं नाही.

तेव्हापासून ‘काच पुसली का?’ हे संस्थेत रूढच होऊन बसलं. कुणाचा आकडा कमी आला की काच पुसली का. छपाईयंत्रातून फिकट कागद निघाला तरी काच पुसली का. मुंगीनं पुढे कितीतरी महिने स्वतःचं काम पहिल्यापासून तपासलं, चूक सापडेना. शेवटी धुळोबा म्हणाले, “हट्ट सोड, माझा प्रोग्राम घे.” तिनं घेतला. चार आले. येणारच. नंतर एक दिवस ती खोलीत आली आणि खाली बघत म्हणाली, “सर, मी सोडतेय. माझा माझ्या मोजण्यावर विश्वास राहिला नाही.” धुळोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सगळ्यांनाच जमतं असं नाही गं,” असं ते म्हणाले, आणि तेही मायेनं.

याला पाच वर्षं झाली. धुळोबांची निवृत्ती जवळ आली. निरोपाचं व्याख्यान ठरलं, विषय अर्थात लेकुरवाळी. मोठ्या पडद्यावर दाखवायला तिचं एखादं देखणं चित्र हवं म्हणून त्यांनी चित्रभांडाराला फोन लावला. भांडाराचा प्रमुख त्यांचा वर्गमित्र, त्याला सगळे भांडारी म्हणत.

“कुठलं हवंय?” भांडारीनं विचारलं. “कच्चं की पुसलेलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? आपल्याकडची धूळ आम्ही काढूनच देतो ना. तू कायम नेतोस ती तीच. कच्ची हल्ली मागतंय कोण! आणि मला काय विचारतोस, भांडाराच्या समितीत तूच माझं डोकं खाल्लं होतंस. ‘पोरं विसरतात, तुम्हीच पुसून देत जा.’ विसरलास होय रे?”

“छे, विसरेन कसा,” धुळोबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते विसरले होते. समितीत घसा कोरडा करून त्यांनीच तो नियम करून घेतला होता, लेकुरवाळी भेटायच्याही आधी. भांडारानं सगळी चित्रं पुसून ठेवली. आणि धुळोबा आपल्या तरुणपणीच्या प्रोग्रामनं तीच चित्रं पुन्हा पुसत राहिले. आमटीत मीठ स्वतःच घालायला सांगायचं आणि मग सवयीनं आपणही एक चमचा टाकायचा, तसं. बाकीच्या दीर्घिका मोकळ्या आभाळातल्या, तिथं घरची धूळ नावापुरती, दोनदा पुसली तरी आकडा हलत नव्हता. लेकुरवाळी दाट धुळीआड. तिथं खाल्लेला उजेड दोनदा परत मिळवला गेला आणि तिची पोरं दुप्पट झाली.

प्रोग्राममधली घरची धूळ पुसणारी ती एक ओळ त्यांनी काढली आणि पुन्हा मोजलं. एक पूर्णांक नऊ.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय करतो? धुळोबांनी उठून दाराला कडी लावली. कुणी येणार नव्हतं, तरी लावली. मग खुर्चीत बसले आणि त्यांना ते वाक्य ऐकू आलं, मुंगीचं, अर्धं राहिलेलं. “त्यांच्यात आपल्याकडची धूळ...” पुढचे शब्द आता त्यांना स्वतःच पुरे करता येत होते. आधीच काढलेली असते, सर. एवढंच तर म्हणायचं होतं तिला. एक घोट चहा पिण्याइतका वेळ तिला दिला असता तर बास होतं. लाजेनं त्यांचे कान तापले, आणि तरीही मनाच्या कोपऱ्यात एक हलकट विचार डोकं वर काढतच होता, की महिनाभरानं आपण निवृत्त, गप्प बसलं तर कुणाला कळतंय? त्या विचाराची त्यांना मुंगीच्या आठवणीहूनही जास्त लाज वाटली.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं ते असं, की जुन्या कामात एक बारीकशी दुरुस्ती निघालीय. बायको मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. हजारो माणसांचं दुखणं तिनं चेहऱ्यावरून ओळखलेलं.

“बारीकशी असती तर भात चिवडत बसला नसतात,” ती म्हणाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “म्हणजे ती पोरगी बरोबर होती?”

“हो.”

“आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर हसलात.”

“मी गंमत केली होती गं. मला काय माहीत, कुठे असेल ती आता...”

“बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात आहे. डोळे तपासते. हा माझा चष्मा तिनंच केलाय.” बायकोनं नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “गेल्या वर्षी केला. तुम्ही कधी विचारलंत? आणि मुंगी मुंगी करताय, नाव तरी येतं का तिचं पूर्ण?”

धुळोबांना नाव येत होतं. आडनावाशी अडखळले आणि जे सांगितलं ते चुकलं. बायकोनं बरोबर सांगितलं आणि ताटं उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी धुळोबा दुकानात गेले. दोन बाजूंना आरसे, काचेच्या कप्प्यांत चष्म्यांच्या रांगा, मागं एक अंधारी खोली. मुंगीनं पांढरा कोट घातला होता. त्यांना बघून ती क्षणभर थबकली, मग म्हणाली, “या सर. नंबर तपासायचाय?”

“हो,” धुळोबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं त्यांना अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, डोळ्यांपुढे ते जडशीळ यंत्र आणलं. खट, खट, भिंगं बदलत राहिली. “आता? हे बरं का आधीचं? घाई नाही, नीट बघून सांगा.” सगळं झालं असं वाटलं तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाहेरून मालकाचा आवाज आला, “झालं का बाई? की नेहमीसारखं दोनदा?” मुंगीनं पुढचं भिंग चढवलं. दुसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा कुठे तिनं दिवा लावला.

“नंबर आहे तोच आहे सर. नवा चष्मा नको.”

“मग... फ्रेम तरी बदलून घेतो.”

“कशाला उगाच? चांगली आहे की ही.”

आता सांगायचं, असं धुळोबांनी ठरवलं. तोंड उघडलं. आणि मग काचा पुसायच्या पाण्याची एक बाटली विकत घेऊन ते बाहेर पडले. दुकानातल्या इतक्या वस्तूंमधून त्यांनी नेमकी तीच का उचलली, देव जाणे. रस्त्यावर आल्यावर त्यांना उमजलं की आपण हातात काय धरलंय.

“सांगितलंत?” घरी बायकोनं बाटलीकडे बघत विचारलं.

“दुकानात गर्दी होती.”

“भर दुपारी?”

“तशी... नव्हती.”

बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. “आमच्याकडे एकाच पेशंटला एकच औषध चुकून दोनदा दिलं जातं कधी कधी. एका पाळीची नर्स देते, दुसऱ्या पाळीची पुन्हा देते. कुणाच्याही हातून होतं. त्याची लाज वाटून जी गप्प बसते ना, तिला मी कामावर ठेवत नाही. कारण ती लाजत बसते तेवढ्यात तिकडे पेशंट जातो. कळलं? तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा. तिकडे ती पोरगी रोज सगळं दोनदा तपासत बसलीय.”

“तुला कसं माहीत?”

“माझे डोळे नाही का तपासले तिनं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाची जाळी वर जाताच, धुळोबा दारात हजर. या वेळी ते खुर्चीवर बसले नाहीत. अंधाऱ्या खोलीत उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं, समिती, भांडार, ती ओळ, सगळं. मुंगी भिंगांचा डबा हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे माझा आकडा बरोबर होता,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“एक पूर्णांक नऊ.”

“एक पूर्णांक नऊ,” धुळोबा म्हणाले. “मला माफ कर असं म्हणायलासुद्धा मला...”

“थांबा सर.” तिनं डबा खाली ठेवला. “मला वाटायचं माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. मी घरातनं निघताना गॅस बघते, जिना उतरते, परत वर जाऊन बघते. इथं सगळे हसतात मला. लोकांचे डोळे मी दोनदा तपासते, कारण पहिल्यांदा बरोबर आलं तरी ते बरोबर आहे असं वाटतच नाही. आणि तुम्ही आता येऊन सांगताय...” धुळोबा मान खाली घालून उभे राहिले. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं, पण ती पोर शिव्या घालणाऱ्यांतली नव्हती.

मग ती म्हणाली, “त्या दिवशी सगळे हसले होते ना? मग त्यांना सांगा. मला एकटीला इथं अंधारात सांगून काय होणार?”

“सांगतो. निरोपाच्या व्याख्यानात. तू येशील?”

“बघते,” मुंगी म्हणाली.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालक, त्यांच्या शेजारी धुळोबांची बायको. सगळ्यात मागं, दाराजवळच्या खुर्चीवर मुंगी येऊन बसलेली धुळोबांना दिसली. काय बोलायचं ते त्यांनी घोटून घोटून पाठ केलं होतं. आधी चूक सांगायची, मग मुंगीचं सांगायचं. तिचं नाव, आडनावासकट, त्यांनी सकाळी दाढी करताना आरशापुढे कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं.

“मित्रहो,” त्यांनी सुरुवात केली, “लेकुरवाळीचा आकडा चार नाही. दोनाच्याही आतच आहे. धूळ मी दोनदा पुसली.”

सभागृहात कुजबुज उठली. धुळोबांनी समितीची हकीकत सांगितली, आपणच आग्रह धरून केलेला नियम आपणच कसा विसरलो ते सांगितलं. आता पुढचं वाक्य मुंगीचं. तेवढ्यात संचालक जागेवरूनच मोठ्यानं म्हणाले, “म्हणजे आमच्या धुळोबांनी काच पुसून पुसून भोकच पाडलं म्हणा की!”

तोंडावर धुळोबा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. सभागृह हास्यात बुडालं. हसण्यात माया होती, कौतुक होतं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे उठून उभे राहिले. जाता जाता स्वतःची चूक कबूल करायची म्हणजे केवढा मोठेपणा! टाळ्या थांबेनात. आणि धुळोबा हसले. त्यांना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात पुढचं वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं. त्यांनी हात जोडले, आभार मानले, संचालकांनी त्यांना मिठी मारली आणि चहा मांडला आहे असं जाहीर केलं.

लोक कपांकडे वळले. कुणी हात मिळवत होतं, कुणी पाठ थोपटत होतं. या सगळ्यांतून धुळोबांना बायको दिसली. ती एकटी जागेवर बसून होती, हात मांडीवर ठेवून, त्यांच्याकडे रोखून बघत. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. ज्या खोलीत मुंगीला हसू मिळालं त्याच खोलीत त्यांना टाळ्या मिळाल्या होत्या, एकाच आकड्यासाठी. आणि त्यांनी त्या घेतल्या होत्या.

ते धावतच परत ध्वनिक्षेपकाशी गेले. “एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “ऐका, ऐका जरा.” निम्मे लोक पाठमोरे होते. “हा आकडा मी शोधलेला नाही. पाच वर्षांपूर्वी इथंच, गुरुवारच्या बैठकीत, एकीनं हा आकडा फळ्यावर लिहिला होता. का कमी आला तेही ती सांगत होती. मी तिला बोलू दिलं नाही. मी तिची टिंगल केली आणि तुम्ही सगळे हसलात. ती बरोबर होती. काम सोडून गेली ती माझ्यामुळे.” आणि त्यांनी तिचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट, न अडखळता.

कपांचा आवाज थांबला. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“कोण हो ही?” संचालकांनी अगदी मनापासून विचारलं. “आपल्याकडची होती?”

धुळोबांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांच्या विनोदाला त्या दिवशी हसलेले बहुतेक सगळे इथंच होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर ओळख उमटत नव्हती.

“मुंगी,” ते म्हणाले.

“अरे! आपली मुंगी होय!” संचालकांचा चेहरा उजळला. “मग तसं सांगा ना! ती ‘काच पुसली का’वाली!” आणि खोलीत पुन्हा हसू पसरलं, जुनं, ओळखीचं, आपुलकीचं.

ती दारातच उभी होती, पिशवी खांद्याला लावून. आधी जवळच्या दोघांना ती दिसली, मग त्यांच्या शेजारच्यांना, आणि हसू मागच्या बाजूनं पुढे पुढे विझत आलं. कुणी कपात बघू लागलं, कुणी भिंतीकडे. संचालकांच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं.

“सर,” ती धुळोबांना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आता सगळ्यांना ऐकू गेला. “दुरुस्ती छापाल तेव्हा त्यात माझं नाव पूर्ण घाला.”

“घालतो,” धुळोबा म्हणाले.

तिनं मान हलवली आणि ती वळली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज येऊ लागला. धुळोबांना वाटलं, तिला असं जाऊ देता कामा नये, निदान दारापर्यंत तरी जावं, निदान हाक तरी मारावी. ते घाईघाईनं जिन्याच्या कठड्याशी आले आणि त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. सकाळपासून घोकलेलं ते नाव जिभेवर आलंच नाही. आलं ते ‘मुंगे’.

त्यांनी तोंड मिटलं, आणि ती खालच्या दारातून बाहेर पडेपर्यंत कठडा धरून तसेच उभे राहिले.